कोपऱ्यावरच्या इटालियन खाणावळीत, आईबाबांसह

मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेला गेलेल्या आईवडिलांच्या तोंडी एक वाक्य वारंवार ऐकू येते : ‘तुम्ही सगळे जाऊन या, मी घरीच दहीभात खाईन.’ वाक्य साधे असते, स्वर समजूतदार असतो. त्यामागची कारणे मात्र अनेक असतात. मेनूवरील नावे कळत नाहीत. कवळी नीट बसत नाही. चारचौघांत ठसका लागेल अशी धास्ती असते. स्वच्छतागृह जवळ असेल की नाही, हा प्रश्न मनात घोळत असतो. आणि या सर्वांच्या तळाशी ‘आपल्यामुळे मुलांना त्रास नको’ ही भावना असते. मुले दोनदा आग्रह करतात, तिसऱ्यांदा करीत नाहीत. हळूहळू आईबाबांना घरी ठेवून जाणे हा घराचा रिवाज होऊन बसतो.

वाचकहो, या रिवाजाची किंमत मोठी असते. अमेरिकेतील उपनगरांत मोटार चालवता न येणारी वृद्ध व्यक्ती दिवसाचे आठ-दहा तास चार भिंतींच्या आत असते. शेजारी दिसत नाहीत, भाजीवाला हाक मारीत नाही, देवळाचा कट्टा नाही. अशा वेळी घरापासून पाच-दहा मिनिटांवर असलेली एखादी साधी खाणावळ म्हणजे बाहेरच्या जगाशी उरलेला एक धागा असतो. न्यू जर्सीसारख्या राज्यात, जेथे मराठी कुटुंबांची वस्ती मोठी आहे, ही खाणावळ पुष्कळदा इटालियन असते. म्हणूनच तिच्याशी ओळख करून घेणे आपल्या हिताचे आहे.

ही खाणावळ आली कोठून?

साधारण १८८० ते १९२४ या काळात सुमारे ४० लाख इटालियन माणसे अमेरिकेत आली. त्यांतील बहुसंख्य दक्षिण इटलीतील गरीब शेतकरी आणि मजूर होती. गावी मांस आणि चीज हे सणासुदीचे पदार्थ. अमेरिकेत ते स्वस्त मिळू लागले. ताटात चीज वाढले, मांसाचे गोळे वाढले, टोमॅटोचा रस दाट झाला. ‘स्पॅगेटी अँड मीटबॉल्स’ हा पदार्थ या स्वरूपात अमेरिकेत घडला. लोणी आणि चीज एवढ्यावर रोममध्ये होणाऱ्या फेट्टुचिने आल्फ्रेदोमध्ये दाट साय अमेरिकेत मिसळली गेली. परदेशी गेलेल्या माणसांनी आठवणीतून आणि हाती लागेल त्या सामग्रीतून उभे केलेले हे अन्न आहे. परगावी पुरणपोळीसाठी डाळ आणि गूळ शोधत फिरलेल्या कोणाही गृहिणीला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘इटालियन म्हणजे भूमध्यसागरी आहार, आणि तो हृदयाला चांगला’ असे आपण वाचलेले असते. त्यात तथ्य आहे. अमेरिकन संशोधक अँसेल कीज यांनी १९५८ साली सुरू केलेल्या सात देशांच्या अभ्यासातून या आहाराकडे जगाचे लक्ष गेले. पुढे २०१० साली युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. मात्र तो आहार म्हणजे डाळी-कडधान्ये, भाज्या, फळे, ऑलिव्ह तेल, मासे, थोडे चीज आणि क्वचित मांस. कोपऱ्यावरच्या खाणावळीतील चीजने माखलेली भलीमोठी ताटली म्हणजे तो आहार नव्हे. परंतु त्याच मेनूत, थोडे शोधल्यास, त्या आहाराचे पदार्थही सापडतात. शोधायचे कसे, तेवढे माहीत हवे.

मेनू वाचताना

इटलीमध्ये जेवणाचे टप्पे असतात. प्रथम ‘आंतीपास्तो’ म्हणजे तोंडी लावणे. मग ‘प्रिमो’, म्हणजे पास्ता, भात किंवा सूप. नंतर ‘सेकोंदो’, म्हणजे मासे किंवा मांस. सोबत ‘कोंतोर्नो’ म्हणजे भाजी. शेवटी ‘दोल्चे’ म्हणजे गोड. तेथे पास्ता हा मधला, लहानसा टप्पा असतो. अमेरिकेत तो मुख्य ताटली झाला आणि प्रमाण वाढले.

ओळखीच्या चवींपासून सुरुवात करावी. ‘आग्लिओ ए ओलिओ’ म्हणजे ऑलिव्ह तेलात परतलेल्या लसणाचा आणि लाल मिरचीचा पास्ता. आपल्या लसणाच्या फोडणीशी त्याचे नाते चटकन जुळते. ‘अराब्बियाता’ या शब्दाचा अर्थ ‘रागावलेली’. हा तिखट टोमॅटो सॉस. ‘एगप्लांट पार्मेजान’ म्हणजे तळलेल्या वांग्याचे काप, टोमॅटो आणि चीज यांचे थर. ‘मिनेस्त्रोने’ हे भाज्या आणि कडधान्यांचे दाट सूप. ‘पास्ता ए फाजोली’ म्हणजे घेवड्याच्या दाण्यांसह शिजवलेला बारीक पास्ता. ‘पोलेंता’ ही मक्याच्या भरडीची मऊ उकड. या पदार्थांत वापरले जाणारे बेसिल हे आपल्या तुळशीच्याच कुळातले.

शाकाहारी वाचकांनी काही गोष्टी आवर्जून विचाराव्यात. मिनेस्त्रोने आणि रिसोत्तो यांत कोंबडीच्या किंवा मांसाच्या पाण्याचा वापर पुष्कळदा होतो. ‘बोलोन्येजे’ सॉस मांसाचाच असतो. ‘मारिनारा’ या नावात समुद्र असला तरी अमेरिकेत तो बहुधा टोमॅटो, लसूण आणि तेल यांचाच असतो. सीझर सॅलडवरील सॉसमध्ये सहसा अँचोव्ही ही मासळी असते. ‘पान्ना कोत्ता’ या गोड पदार्थात जिलेटिन असते. ‘पेपरोनी’ म्हणजे अमेरिकेत मांसाच्या चकत्या. ढोबळी मिरची समजून कोणी मागवू नये. अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीज करताना वासराच्या जठरातील विरजण वापरतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी ‘नो पार्मेजान’ असे सांगावे. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असेल, तर तयार सॉसमधून लसूण काढता येत नाही हे ध्यानात ठेवावे. त्याऐवजी ताज्या टोमॅटोत व बेसिलमध्ये वेगळा परतलेला पास्ता मागावा.

हे विचारताना संकोच नसावा. अशा प्रश्नांची वाढप्यांना सवय असते. ‘इज देअर मीट ब्रॉथ इन धिस?’ हे एक वाक्य पाठ असले तरी पुष्कळ काम होते.

ताटलीचे गणित

शिजलेल्या एक कप पास्त्यात सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके असतात. आपल्या एका लहान फुलक्यात साधारण १५ ग्रॅम धरली, तर एक कप पास्ता म्हणजे जवळजवळ तीन फुलके. समोरच्या ताटलीत तीन कप पास्ता असेल, तर आठ फुलके एकदम वाढल्यासारखे झाले. शिवाय टोपलीतला पाव वेगळाच. मधुमेह असणाऱ्यांनी हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा.

उपाय सोपा आहे. एक ताटली दोघांत घ्यावी, किंवा वाढतानाच अर्धे डब्यात भरून देण्यास सांगावे. आधी सॅलड किंवा भाजी, मग घेवडा, मासे किंवा अंडी यांसारखी प्रथिने आणि शेवटी पास्ता, असा क्रम ठेवल्यास रक्तातील साखर तुलनेने सावकाश वाढते. किंचित कणी राखून शिजवलेला पास्ताही फार मऊ शिजवलेल्या पास्त्यापेक्षा साखर हळू वाढवतो. मात्र ज्यांना चावण्याचा त्रास आहे त्यांनी मऊ पास्ताच मागावा आणि प्रमाण कमी ठेवावे.

मिठाकडेही लक्ष हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे. चीज, ऑलिव्ह, खारवलेले मांस, तयार सॉस आणि सूप या सर्वांतून मीठ येते. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, तर ‘सॉस ऑन द साइड’ म्हणजे सॉस वेगळा मागावा आणि लागेल तेवढाच घ्यावा. मूत्रपिंडाचा विकार असून पोटॅशियमवर बंधन असेल, तर टोमॅटोचा दाट सॉस बेतानेच खावा. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी जेवल्यावर दोन-तीन तास आडवे होऊ नये. म्हणून रात्रीपेक्षा दुपारचे किंवा सायंकाळी पाचचे जेवण बरे.

औषधे आणि जेवणाची वेळ

घरी पान वाढून तयार असते. बाहेर तसे नसते. मागणी दिल्यापासून ताटली येईपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज जातो. जेवणाआधी जलद परिणाम करणारे इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीने घरून निघतानाच ते टोचून घेतले, तर अन्न येण्यापूर्वीच साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून बाहेर जेवताना इन्सुलिन केव्हा घ्यावे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. अन्न समोर दिसेपर्यंत थांबणे सहसा सुरक्षित ठरते. काही मधुमेहाच्या गोळ्यांनाही हाच नियम लागू होतो. घाम, कापरे, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसताच, व्यक्ती शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर, १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन-चार चमचे, पाण्यातून किंवा फळांच्या रसातून द्यावी. पर्समध्ये ग्लुकोजच्या गोळ्या असाव्यातच. याउलट पिझ्झासारख्या स्निग्ध जेवणानंतर साखर उशिरा, काही तासांनी चढते. तेव्हा लगेचची तपासणी चांगली आली म्हणून निश्चिंत होऊ नये.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरीन घेणाऱ्यांनी पालक, ब्रोकोली यांसारख्या हिरव्या भाज्या अचानक फार वाढवू किंवा कमी करू नयेत. त्यांतील ‘के’ जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम बदलतो. मद्याबाबतही सावध असावे. मार्साला सॉस आणि व्होडका सॉस यांत मद्य असते आणि शिजवल्यावर ते सगळेच उडून जात नाही. तिरामिसू या गोड पदार्थात कॉफी, बहुधा मद्य आणि कित्येकदा कच्चे अंडे असते. उतारवयात, विशेषतः प्रतिकारशक्ती कमी असताना, कच्चे अंडे टाळावे.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. भरपेट जेवणानंतर, त्यातही पाव-पास्त्यासारख्या जेवणानंतर, वृद्धांचा रक्तदाब तास-दोन तास उतरू शकतो. उभे राहताच अंधारी येते, पाय लटपटतात. ‘जेवून निघालो आणि पायरीवर तोल गेला’ या घटनांमागे हे एक कारण असते. कमी जेवावे, पाणी पुरेसे प्यावे, बिल आल्यावर लगबगीने न उठता थोडे बसावे, मग टेबलाला धरून सावकाश उभे राहावे. अंगावर कोट चढवण्याची घाई पाच मिनिटे लांबली तरी काही बिघडत नाही.

चावणे आणि गिळणे

कवळी असणाऱ्यांना कडक सालीचा पाव आणि तारा सुटणारे गरम चीज यांचा त्रास होतो. लांब स्पॅगेटीपेक्षा लहान आकाराचा पास्ता, रिसोत्तो, पोलेंता, बटाट्याचे न्योक्की किंवा रिकोत्ता चीज भरलेला राव्हिओली सोपा जातो. स्पॅगेटीच हवी असेल, तर सुरी-काट्याने तिचे तुकडे करून चमच्याने खावी. इटलीतील कोणी नाक मुरडले तरी आपण आपल्या घशाचा विचार करावा.

पक्षाघातानंतर किंवा पार्किन्सनच्या आजारात गिळण्याची अडचण असेल, तर पातळ सूपमध्ये घट्ट तुकडे असा मिश्र पदार्थ अधिक कठीण ठरतो. एकजीव, दाटसर पदार्थ मागावा. लहान घास, ताठ बसणे आणि तोंडात घास असताना न बोलणे हे नियम येथेही पाळावेत. त्यासाठी घरच्यांनी घास तोंडात असताना प्रश्न विचारू नयेत. घास अडकून बोलता किंवा खोकता येत नसेल, तर क्षणाचाही विलंब न लावता व्यक्तीला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात. उपयोग न झाल्यास मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच वेळा आत आणि वरच्या दिशेने दाब द्यावा. अडकलेला घास सुटेपर्यंत हे आलटून पालटून करावे आणि कोणाला तरी ९११ फिरवण्यास सांगावे.

बसण्याची जागा

वृद्धांना बाहेरचे जेवण नकोसे होण्यामागे पदार्थांइतकाच गोंगाट असतो. श्रवणयंत्र असूनही भांड्यांचा खणखणाट, संगीत आणि दहा टेबलांवरचे बोलणे एकत्र होऊन कानावर आदळते. मग आजोबा गप्प होतात आणि आपण समजतो, त्यांना कंटाळा आला. फोन करून कोपऱ्यातली, पाठीमागे भिंत येईल अशी जागा राखून ठेवावी. स्वयंपाकघराचे दार आणि ध्वनिवर्धक यांपासून ती दूर असावी. सर्वांच्या चेहऱ्यांवर उजेड पडेल असे बसावे. ऐकू कमी येणारी माणसे ओठांवरूनही ऐकत असतात. गर्दी कमी असलेली सायंकाळची पहिली वेळ निवडावी. कित्येक ठिकाणी त्या वेळी दरही थोडे कमी असतात.

सरकत्या बाकापेक्षा हात असलेली खुर्ची बरी. पायऱ्या किती, चाकाची खुर्ची आत जाते का, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, हे आधी विचारावे. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने सार्वजनिक जागांवर अशा सोयींचे बंधन घातले आहे, तरी जुन्या इमारतींत अडचणी आढळतात. मेनू आदल्या दिवशी मोठ्या अक्षरांत फोनवर दाखवावा. घरी निवांतपणे निवड झाली, तर टेबलावर गडबड होत नाही.

मान राखणे

आता काळजीवाहू मुलांसाठी आणि सुनांसाठी थोडेसे. वाढपी पुष्कळदा वृद्धांकडे न पाहता मुलाला विचारतो, ‘यांना काय हवे?’ त्या क्षणी मुलाने उत्तर देऊ नये. आईकडे वळून ‘आई, तुम्हीच सांगा’ किंवा ‘आई, तूच सांग’, जी घरची रीत असेल तसे म्हणावे आणि थांबावे. दोन शब्द मोडक्या इंग्रजीत असले तरी ते तिचे असतात. आपल्या जेवणाचा निर्णय आपण घेणे ही म्हातारपणी उरलेल्या थोड्या सत्तांपैकी एक सत्ता आहे.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीपुढे चार पानी मेनू ठेवू नये. ‘सूप की पास्ता?’ एवढाच प्रश्न विचारावा. अशा व्यक्तीला नवनव्या ठिकाणी नेण्यापेक्षा त्याच खाणावळीत, त्याच टेबलावर, त्याच वारी नेणे हितकारक असते. ओळखीची जागा मन शांत ठेवते. शेजारच्या लहान खाणावळीचे खरे सामर्थ्य येथेच आहे. तिसऱ्या-चौथ्या खेपेस वाढपी ओळखून हसतो, ‘नेहमीचे का?’ असे विचारतो. ज्यांना दिवसभरात घरच्यांशिवाय कोणी हाक मारलेली नसते, त्यांच्यासाठी ती विचारपूस लहान नसते.

पथ्याचा पहारा टेबलावर बसवू नये. काय खायचे, किती खायचे, हे घरी ठरवावे. तेथे सर्वांदेखत ‘बाबा, चीज पुरे’ असे म्हणू नये. शिवाय सर्वच वृद्धांना कमी खाण्याची गरज नसते. वयानुसार चव आणि वास मंदावतात, भूक कमी होते, एकट्याने जेवताना घास उतरत नाही. ज्यांचे वजन घटते आहे त्यांच्यासाठी माणसांत बसून आवडीने खाल्लेले चीजयुक्त जेवण हे औषधाइतकेच मोलाचे ठरू शकते. आपल्या घरातील व्यक्ती कोणत्या प्रकारची आहे, हे ओळखून वागावे.

राहता राहिला खर्च. डॉलरचे रुपयांत रूपांतर करून पदार्थ नाकारणे हा आपल्या पिढीचा जुना छंद आहे. त्यावर १५ ते २० टक्के बक्षिसी द्यावी लागते हे कळल्यावर तर घास घशातच अडतो. मुलांनी किमती तोंडाने वाचू नयेत आणि आईबाबांनी बिल मागू नये. अधूनमधून मात्र बाबांना बिल देऊ द्यावे. देण्याचा आनंदही वार्धक्यात दुर्मीळ होत जातो.

उरलेले अन्न डब्यात घरी न्यावे, दोन तासांच्या आत शीतपेटीत ठेवावे, फार उन्हाळा असेल तर तासाभरातच. तीन-चार दिवसांत, वाफा येईपर्यंत गरम करून ते संपवावे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यात जिरे-मिरचीची फोडणी पडली, तर ती कोणी अडवू नये.

पुढच्या शनिवारी ‘तुम्ही जाऊन या’ हे वाक्य कानी आले, तर त्यामागे कवळी आहे, कान आहेत, पायऱ्या आहेत की नुसता संकोच आहे, हे जवळ बसून विचारावे. यांतील बहुतेक अडचणींवर एका फोनने किंवा योग्य खुर्चीने उपाय होतो. आणि ज्येष्ठ वाचकहो, आपणही एकदा ‘चला, येते’ असे म्हणून पाहावे. दहीभात कुठे पळून जात नाही.